शेऱ्याची जागा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी बाईंचं नाव घेतो. माझी आई हयात आहे, वारज्यात माझ्याजवळच राहते, आणि तिच्यासमोरही मी हेच सांगतो. तिला त्याचं वाईट वाटत नाही. "मायं नाव घेशील तं खोटं होईन," असं ती म्हणते. "मले सही कोनं शिकवली? तिनंच ना."

बाई माझ्या शाळेतल्या नव्हत्या. मी त्यांच्या घरी राहायला गेलो तेव्हा महापालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पाच-सहा वर्षं झाली होती. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बारावी करून पुण्याला बी.एस्सी.ला आलो होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी होती : 'बिबवेवाडीत खोली देणे आहे. एकच विद्यार्थी. घरात राहणारा हवा, नुसता झोपायला येणारा नको.' अक्षर इतकं सरळ होतं की ते वाचूनच मला जरा भीती वाटली.

दार उघडल्यावर त्यांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाव?"

मी सांगितलं.

"आडनावापासून सांगावं. वडील काय करतात?"

"बाजार समितीत हमाल आहेत."

"आई?"

"घरीच असते. म्हणजे लोकांच्या शेतात जाते, निंदणीला."

"मग घरी कशी असते?"

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तो मला आजवर दुसऱ्या कोणी विचारलेला नाही. "पहिलीला शिकवायला कोण होतं?" मी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचं नाव सांगितलं. "कॉलेजात आलास हे त्यांना पत्रानं कळवलंस?" नव्हतं कळवलं. त्यांनी आतून एक आखीव कागद आणि पेन आणून टेबलावर ठेवलं. "आधी ते लिही. सामान मग आत ने." माझी पत्र्याची पेटी दाराबाहेर होती आणि मी आत बसून आयुष्यातलं पहिलं पत्र लिहीत होतो.

त्या घरात रोज संध्याकाळी साडेसातला, पानं वाढण्याच्या आधी, हजेरी होत असे. हे मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं मी रंगवून सांगतोय. बाई जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसत. समोर हजेरीचा कॅटलॉग, शाळेत असतो तसाच, लांबट, जाड पुठ्ठ्याचा, तारखांचे चौकोन आखलेला. दर जूनमध्ये त्या बुधवार पेठेत जाऊन नवा कॅटलॉग आणत. एका वर्षी मी बरोबर होतो. दुकानदारानं विचारलं, "कुठली शाळा?"

"घरची."

"पट किती?"

"तीन."

"शिक्षक जास्त दिसतायत मग."

"एकच आहे," बाई म्हणाल्या. "पण पूर्ण वेळ. तुमच्यासारखी दुपारी सुट्टी नाही."

पटावरचा क्रमांक एक म्हणजे त्यांचे यजमान. ते जाऊन चार वर्षं झाली होती. बाई "क्रमांक एक" असं म्हणत, दोन क्षण थांबत, आणि चौकोनात 'दीर्घ रजा' याची खूण करत. हे करताना त्यांचा आवाज जराही बदलत नसे. क्रमांक दोन म्हणजे त्यांची मुलगी. तिला मी ताई म्हणतो. ती लग्नानंतर ऑस्ट्रेलियात गेली. ती त्या वेळेला मोबाईलवर 'हजर' असा मेसेज धाडायची. बाई तो वाचत, आणि रकान्यात 'रजेवर' लिहीत. "मेसेज म्हणजे हजेरी नव्हे," त्या म्हणत. ताईचा रजेचा अर्ज दर जूनमध्ये ई-मेलनं येई, मी तो छापून आणून देई, बाई त्यावर 'एक वर्ष मंजूर' असा शेरा मारून कॅटलॉगला टाचत. क्रमांक तीन मी.

मलाही अर्जातून सुटका नव्हती. दिवाळीला गावी जायचं तर अर्ज. मित्राकडे अभ्यासाला राहायचं तर अर्ज. वर पत्ता, मग विषय, मग कारण, खाली पालकाच्या सहीची ओळ, आणि सगळ्यात खाली शेऱ्याची जागा. ती जागा आपण रिकामी सोडायची, तिथं लिहिणार बाई. बहुतेक वेळा त्या 'मंजूर' लिहीत. कधी कधी 'कारण पटत नाही.' हे तीन शब्द त्या बोलण्यातही वापरत. दूधवाल्याला, टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाला, एकदा तर डॉक्टरांना. सोसायटीच्या सभेला सेक्रेटरी अर्धा तास उशिरा आले तेव्हा त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अहो, कारण लेखी द्या. तोंडी चालत नाही." सगळे हसले. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला आणि खरंच लिहून दिलं. त्यांची दोन्ही मुलं बाईंच्या हाताखालून गेली होती.

कॅटलॉगच्या शेवटच्या पानांवर पत्ते असत. शाळेतली सवय. त्यांच्या शाळेतली निम्मी मुलं वस्तीतली, तिथं घरांना नंबर कुठले. म्हणून बाई लिहून ठेवत : पिंपळापासून तिसरं घर, दारात निळं पिंप. किंवा : शिंपीणबाईंच्या मागे, पत्र्यावर टायर. पत्ता असा हवा, त्या म्हणत, की परक्या माणसाला कुणालाही न विचारता पोचता आलं पाहिजे. एखादं मूल दोन दिवस शाळेत आलं नाही की तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई त्याच्या घरी जात. आगाऊ निरोप कधीच देत नसत.

हे त्यांनी माझ्या बाबतीतही केलं, म्हणून मला माहीत.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि मी दोन विषयांत नापास झालो. आमच्या गावी सगळं मराठीत शिकलो होतो, इथं फिजिक्सचे तास इंग्रजीत, आणि वर्गात न समजलेलं विचारायची मला लाज. बाई बाजारात गेल्या होत्या तेवढ्यात मी पेटी उचलली आणि एसटी धरली. चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. घरी सांगितलं की कॉलेजला सुट्ट्या लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाई आमच्या दारात उभ्या. हातात कापडी पिशवी. आई चुलीपाशी होती. तिनं घाईघाईनं बाजेवर सतरंजी टाकली.

"बाई, तुमी येवढ्या दुरून काहाले आल्या?"

"हजेरी घ्यायला."

पिशवीतून कॅटलॉग निघाला. मी दाराच्या आड उभा होतो. बाईंनी चष्मा लावला. "क्रमांक तीन." मी बोललो नाही. त्या थांबल्या. शेजारच्या बायका कुंपणापाशी जमल्या होत्या. "क्रमांक तीन," त्यांनी पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हटलं, आणि मी "हजर" म्हणालो. त्यानंतर मला रडू आलं, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या खूण करत होत्या.

मग त्यांनी अर्ज लिहायला बसवलं. मी कारण लिहिलं, नापास झालो म्हणून. खाली पालकाची सही. आईनं अंगठा पुढे केला.

"अंगठा चालत नाही," बाई म्हणाल्या.

"मंग याचा बाप येऊ द्या. त्यायले येते सही."

"तुमची हवी. पाटी आहे घरात?"

पाटी नव्हती. चुलीतला कोळसा घेऊन बाई ओट्याच्या फरशीवर बसल्या. आईचं नाव तीन अक्षरांचं. पहिलं अक्षर आईला दुपारपर्यंत जमलं नाही. ती म्हणे, "मायाकून नाई होत, बाई." बाई म्हणत, "माझ्याकडूनही स्वयंपाक होत नव्हता. पुसा आणि पुन्हा काढा." चार वाजता आईनं कागदावर सही केली. ओळ सोडून वर गेलेली, पण सही. बाईंनी ती बराच वेळ पाहिली. मग अर्जाखाली शेरा लिहिला, तो मी अजून जपून ठेवला आहे : 'नापास झाला म्हणूनच हजर राहणे आवश्यक. अर्ज नामंजूर. सही उत्तम.'

परतीच्या एसटीत मी विचारलं, येणार असल्याचं कळवलं का नाही. "कळवलं असतं तर तू शेतात जाऊन बसला असतास," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दोन दिवस शाळा बुडली की मुलाला शाळेची भीती वाटत नाही, बुडवलेल्या दिवसांची वाटते. ते स्वतःहून येत नाही मग. जितके दिवस जास्त, तितकं येणं अवघड. म्हणून आपण जायचं."

मी बी.एस्सी. झालो. पेढे घेऊन गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "हजेरी पूर्ण असली की पास व्हायला फार अक्कल लागत नाही." एवढंच. पेढा मात्र त्यांनी क्रमांक एकच्या तसबिरीपुढे ठेवला.

पुढे मला आयटी कंपनीत सपोर्टची नोकरी लागली. दोन मित्रांबरोबर वारज्यात जागा घेतली. निघताना बाईंनी कॅटलॉगचं शेवटचं पान उघडलं. "नवा पत्ता?"

"वारजे, पाण्याच्या टाकीजवळ. नीट बस्तान बसलं की कळवतो."

"हा पत्ता नाही. ही दिशा आहे."

मी हसलो. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं आणि वही मिटली. माझं नाव त्या आता कमी करतील, असं मी धरून चाललो. शाळा सोडलेल्या मुलाचं नाव लाल शाईनं कमी करतात, तसं.

सुरुवातीला दर रविवारी जात होतो. मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीला. लग्नाला त्या आल्या, भेट म्हणून आखीव कागदांचा गठ्ठा आणि एक पेन दिलं. सासरच्या लोकांना त्याची गंमत वाटली. मुलगी झाल्यावर पेढे द्यायला जायचं ठरवलं, राहून गेलं. वडील गेले, आईला इकडे आणलं, तेव्हाही बाईंना कळवायचं राहिलं. एकदा त्यांचा फोन येऊन गेलेला दिसला, मी मीटिंगमध्ये होतो, संध्याकाळी करू म्हटलं. त्यानंतर फोन करायचा तर आधी तो का केला नाही ते सांगावं लागलं असतं. बिबवेवाडी वारज्याहून किती लांब असेल? रविवारी सकाळी पाऊण तास. मी पाच वर्षं गेलो नाही. कारण विचाराल तर माझ्याकडे नाही, आणि एसटीत बाई बोलल्या होत्या त्याहून वेगळं काही मला सांगताही येणार नाही.

एका रविवारी दुपारी ताईचा फोन आला. ती दोन महिन्यांपासून इथं आली होती.

"आईचं काही खरं नाही रे. पायांवर सूज आहे, जेवण जवळपास बंद. हॉस्पिटलमध्ये जायचं नाही म्हणते. हजेरी तेवढी रोज घेते, पडल्या पडल्या. तुझा नंबर पुकारते आणि थांबते."

"माझं नाव अजून आहे?"

"कमी कुणी केलं?"

मी फोन घेऊन गॅलरीत आलो. ताई म्हणाली, "आज येतोस का?"

"आज जरा... या आठवड्यात ऑफिसात फार गडबड आहे, ताई. पुढच्या रविवारी नक्की."

"सांगते तिला," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला एक कल्पना सुचली, आणि तेव्हा ती फार चांगली वाटली. लग्नातल्या गठ्ठ्यातला कागद काढला आणि बाईंना रजेचा अर्ज लिहिला. आईची सही घेतली. सोमवारी ऑफिसला जाताना पोस्टात टाकला. बाईंना गंमत वाटेल, असं मनात होतं. पेटीत पाकीट पडल्याचा आवाज ऐकला आणि मला हलकं वाटलं, जाऊनच आल्यासारखं. बाईंच्या घरात मी तीन वर्षं राहिलो, तरी मला एवढं कळलं नाही की अर्ज करणारा माणूस गैरहजरच असतो.

शुक्रवारी रात्री बाई गेल्या.

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. मी पोचलो तेव्हा त्यांना खाली आणलं होतं. सेक्रेटरी रस्त्यावर उभे राहून रिक्षावाल्यांना वाट सोडायला सांगत होते. मी खांदा दिला. वजन काहीच नव्हतं.

रविवारी, तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करून आम्ही घरी आलो. मी ज्या रविवारी येतो म्हणालो होतो तो हाच. ताईनं चहा केला आणि कॅटलॉग माझ्यासमोर ठेवले.

"बघ हवं तर. मी कालपासून हेच बघतेय."

पाच वर्षांचे पाच कॅटलॉग होते. क्रमांक तीनच्या ओळीत प्रत्येक दिवशी 'गै'. रविवारी, दसऱ्याला, माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला. अक्षर सुरुवातीला सरळ, शेवटी शेवटी वाकडं, माझ्या आईच्या सहीसारखं ओळ सोडून वर गेलेलं. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मात्र चौकोनात नुसती खूण नव्हती. शेजारी समासात लिहिलं होतं : 'वारजे. टाक्या तीन. दोन तास शोधले. पत्ता अपुरा.'

"हे काय?"

"तेव्हा तिचे गुडघे जरा बरे होते," ताई म्हणाली. "बसनं गेली होती. मी फोनवर म्हटलं, अगं त्याला फोन कर ना आधी. म्हणाली, सांगून जात नसतात."

त्या रविवारी मी बहुधा घरीच होतो. दुपारी झोपलो असेन.

मग मी विचारलं, माझं पत्र आलं होतं का.

"गुरुवारी आलं. मी वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाली. मग म्हणाली, नुसता पत्ता वाच. तो ऐकून म्हणाली, 'लिहिला एकदाचा.' शेवटच्या पानावर उतरवून घ्यायला लावला मला." ताईनं पान उलटून दाखवलं. 'वारजे, पाण्याच्या टाकीजवळ' हे खोडून त्याखाली ताईच्या अक्षरात माझा पूर्ण पत्ता होता. "मी विचारलं, शेरा काय लिहू? मंजूर लिहू का? तर म्हणाली, 'राहू दे. तो आला की त्याच्यासमोर देईन.'"

ताईनं पुन्हा हजेरीचं पान काढलं.

"शुक्रवारी हजेरीला दोन नंबरला मी हजर म्हटलं," ताई म्हणाली. "गेले दोन महिने माझ्या नावापुढे हजर लिहीत होती. लहान मुलीसारखा मला आनंद व्हायचा त्याचा. तुझा नंबर तिनं पुकारलाच नाही. मला वाटलं दमली असेल."

माझं पत्र कॅटलॉगला टाचलेलं होतं. मी ते काढायला लागलो तसा ताईनं माझा हात धरला. आवाज अगदी बाईंचा. "अर्ज दप्तरी राहतो. हवी तर नक्कल करून घे."

ज्या टेबलाशी बसून मी पहिलं पत्र लिहिलं होतं, त्याच टेबलाशी बसून मी नक्कल केली. ती अशी :

फ्लॅट क्रमांक अकरा, तिसरा मजला,
पिवळी इमारत, खाली पिठाची गिरणी,
पाण्याच्या टाकीमागे
(टाक्या तीन आहेत, जिच्यावर कमळ रंगवलं आहे ती),
वारजे, पुणे.

माननीय वर्गशिक्षिका बाई यांस,

विषय : येत्या रविवारपर्यंत रजा मिळण्याबाबत.

सा. न. वि. वि.

मी आपल्या पटावरील क्रमांक तीन. माझं नाव आपण अजून कमी केलेलं नाही असं ताईकडून आजच कळलं. मागच्या गैरहजेरीचं कारण लिहायचा मी प्रयत्न केला, पण जे जे लिहिलं ते आपल्याला पटणार नाही असं वाटून खोडलं. म्हणून मागचं कारण लिहीत नाही. या आठवड्यापुरतं कारण एवढंच की ऑफिसात काम आहे. तेही पटण्यासारखं नाही, हे मला माहीत आहे.

मला मुलगी झाली आहे. आता चार वर्षांची आहे. तिला आपल्याकडे घेऊन येईन. तिला स्वतःचं नाव आडनावापासून सांगता येतं. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. आई माझ्याजवळ असते, आणि आता पेन्शनच्या कागदावर स्वतः सही करते. बँकेतले लोक अंगठा घ्यायला शाई पुढे करतात, तेव्हा ती "अंगठा चालत नाई" असं म्हणते.

आपण आमच्या दारात येऊन हजेरी घेतली नसती तर मी आज बाजार समितीत असतो. हे मी आपल्याला तोंडी कधी म्हणालो नाही. तोंडी चालत नाही, म्हणून लेखी देत आहे.

रविवारी सकाळी दहाला हजर होतो. तोपर्यंत रजा मंजूर व्हावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
क्रमांक तीन

पालकाची सही : (आईची सही आहे.)

शेरा :